मरबूआत कोण बसतो

हाज्जा वनीसाच्या घरात सफवानबद्दल 'बसायचा', 'खायचा', 'हसायचा' असं बोलायची कोणाची छाती नव्हती. बसतो म्हणायचं. खातो म्हणायचं. शेजारची सालिमा एकदा चुकली. खजुराच्या मक्रूडचा दुसरा तुकडा तोंडात टाकता टाकता म्हणाली, "काय गोड हसायचा गं तुझा सफवान." वनीसाने तिच्या हातातली बशी काढून घेतली, बशीतला मक्रूड परत डब्यात टाकला आणि दार उघडून धरलं.

"माझा मुलगा हसतो. तुला ऐकू येत नसेल तर कानाच्या डॉक्टरकडे जा."

सालिमा महिनाभर फिरकली नाही. आली तेव्हा जीभ सुधारून आली.

सफवान गेला त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. झुवाराला मित्राचं लग्न आहे म्हणाला, आईकडून पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला, आणि झुवाराच्या किनाऱ्यावरून चोरून समुद्रापार जाणाऱ्या रबरी होडीत बसला. त्या होडीतले काही पलीकडे पोचले, त्यांच्या आयांना फोन आले. बाकीच्यांचं काही कळलं नाही. ना मढं, ना निरोप. वनीसाचा दीर मीलाद दर ईदला येऊन तेच तेच म्हणायचा, "वहिनी, गैरहजर माणसाची नमाज असते, ती पढून घेऊ. तीन दिवस लोक येऊन बसतील, फातिहा म्हणतील. पोराच्या जिवाला शांती मिळेल."

"माझ्या पोराचा जीव त्याच्यापाशी आहे," वनीसा म्हणायची. "तुझ्या जिवाला शांती नसेल तर तू घरी जाऊन झोप."

आणि लोक बसणार कुठे, तर मरबूआत, पुरुषांच्या बैठकीत. त्यांच्या जंझूरच्या घरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात उजेडाची खोली ती, आणि तीच बंद. रस्त्याकडे तिचं वेगळं दार, पुरुष पाहुण्यांसाठी. घराकडे दुसरं लहान दार, चहाच्या ट्रेसाठी. नवरा गेला तेव्हा सफवान होता. सफवान गेल्यावर पाहुण्यांना या म्हणायला घरात पुरुषच उरला नाही, मग पाहुणे कसे येणार? तरी वनीसा दर आठवड्याला ती खोली झाडायची, भिंतीकडेच्या गाद्या उन्हात टाकायची, उश्यांचे अभ्रे धुवायची, आणि पुन्हा कुलूप घालून किल्ली गळ्यात. मायलेकी दोघी मागच्या अंधाऱ्या खोलीत राहायच्या. तिथेच जेवण, तिथेच झोप, तिथेच इंतिसारचे कागद. पोरगी विद्यापीठात घराच्या आतल्या सजावटीचं शिकत होती, शेवटचं वर्ष होतं. तिचा ड्रॉइंगचा फळा फ्रिजवर राहायचा आणि फ्रिज उघडला की खाली यायचा.

"हे शिकून काय करणार तू?" वनीसा विचारायची. "लोकांना सोफा कुठे ठेवायचा ते सांगणार? लोकांना कळत नाही होय?"

"नाही कळत, यम्मा. आपल्याला तरी कुठे कळतंय?"

हा टोमणा होता आणि वनीसाला तो बरोबर लागला, पण तिने न ऐकल्यासारखं केलं.

शेवटच्या वर्षाचं काम असं होतं: प्रत्येकीने आपल्याच घरातली एक खोली घ्यायची, त्या घरातलाच एक खराखुरा वापरणारा माणूस घ्यायचा, त्याला बारीकसारीक विचारायचं, तो कसा बसतो, कसा उठतो, कुठल्या हाताने दिवा लावतो, आणि त्याच्यासाठी ती खोली नव्याने आखायची. नकाशे काढायचे, मॉडेल करायचं, परीक्षकांपुढे उभं राहून सांगायचं. इंतिसारने मरबूआ घेतला. मापं घ्यायला किल्ली मागितली तेव्हा वनीसाला वाटलं, चला, आपला मरबूआ विद्यापीठात दिसेल, चार लोक बघतील. तिने किल्ली दिली. वर पोरीला मीटरपट्टीचं दुसरं टोक धरून दिलं.

आठ-दहा दिवसांनी वीज आली म्हणून तिने फ्रिज उघडला आणि फळा खाली आला, वर लावलेल्या नकाशासकट. वनीसाला वाचता जेमतेम यायचं, पण नकाशा कळायला वाचायला लागत नाही. त्यात मरबूआ होता. खिडकी तीच, दोन्ही दारं तीच. फक्त गाद्या नव्हत्या. गाद्यांच्या जागी लांब टेबल, त्याच्याशी बसलेली एक मुलगी, आणि खिडकीत खुर्चीवर जाडशी बाई, हातात भाजीचं ताट. बाईच्या डोक्याला वनीसा बांधते तसाच रुमाल.

"इंतिसार!"

पोरगी ओल्या हातांनी धावत आली.

"ही कोण बसलीय मरबूआत?"

"तू आहेस, यम्मा. उजेडात भाजी निवडतेयस. मागच्या खोलीत तुला काही दिसत नाही, परवा तू कोथिंबिरीत—"

"मला काय दिसतं ते मला ठाऊक आहे. आणि आला म्हणजे सफवान कुठे बसेल? फ्रिजवर?"

इंतिसार ओले हात पुसत राहिली. ती तीन वर्षं अशीच काहीच बोलत नव्हती, आणि त्या न बोलण्याचाच वनीसाला जास्त राग यायचा.

"वापरणारा कोण म्हणून लिहिलंयस इथे?"

"आपण दोघी."

"खोड. सफवान लिही."

"यम्मा, वापरणाऱ्याला समोर बसवून विचारावं लागतं. तो नियम आहे."

"मला विचार. नऊ महिने पोटात वागवला आणि पुढे चोवीस वर्षं डोक्यावर. त्याला स्वतःला काय माहीत आहे स्वतःबद्दल? त्याला मोजे कुठे ठेवलेत ते माहीत नसतं."

इंतिसारने त्या नकाशाची गुंडाळी करून पलंगाखाली सरकवली. पास तर व्हायचं होतं, आणि खोलीची किल्ली आईच्या गळ्यात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा ठेवून दोघी बसल्या. पोरगी विचारायची, आई सांगायची.

"उंची?"

"दारातून वाकून येतो."

"सेंटिमीटरमध्ये, यम्मा."

"मी पोरं सेंटिमीटरने नाही वाढवली." तरी ती उठली, कपाटातून सफवानचा ईदचा लांब अंगरखा काढला आणि दाराला लावून धरला. इंतिसारने गळ्यापासून खालच्या काठापर्यंत माप घेतलं, वर डोकं आणि खाली घोटे अंदाजाने धरले. अंगरखा परत घडी करताना वनीसाने तो नाकाशी नेला नाही. डांबरगोळ्यांशिवाय दुसरा वास उरला नव्हता, ते तिला माहीत होतं.

"काम कुठल्या हाताने करतो?"

"जेवतो उजव्याने, ते मी शिकवलं. बाकी सगळं डावं. तुझ्या आजीने बांधून ठेवला होता तो हात, तरी डावाच."

"म्हणजे दिव्याचं बटण डावीकडे घेते. टेकून बसाय—" इंतिसारने ओठ चावला. "टेकून बसतो का?"

वनीसाने तिच्याकडे रोखून पाहिलं. "बसतो."

"मरबूआत कुठे बसतो?"

चहा उकळून वर आला. वनीसाने तो दुसऱ्या भांड्यात ओतला, पुन्हा वरून धार धरली, फेस यावा म्हणून. पुन्हा ओतला.

"खिडकीखाली. मधोमध."

"तू पाहिलंयस?"

कुठून पाहणार? पुरुष बसलेले असताना बाई मरबूआत पाऊल टाकत नाही. नवऱ्याच्या वेळी नाही, मुलाच्या वेळी नाही. वनीसा लहान दारापर्यंत ट्रे न्यायची, बोटाने टकटक करायची, दार वीतभर उघडायचं, ट्रे आत जायचा, दार लागायचं. आतून हसणं ऐकू यायचं. सफवान चार माणसांत कसा बसतो, काय बोलतो, कोणाची टिंगल करतो, हे पोटच्या पोराबद्दल तिला तितकंच माहीत होतं जितकं रस्त्यावरच्या बाईला.

"पाहायला कशाला हवं? बाप गेल्यावर मालक तोच आहे घरचा. मालक कुठे बसणार, चपलांपाशी?"

"मीलादकाकांना विचारू का? ते बसलेत त्याच्याबरोबर."

"विचारून तर बघ."

इंतिसारने नाही विचारलं. तिने पुढचा प्रश्न वाचला. "खोलीत आल्यावर त्याला समोर काय दिसलेलं आवडतं?"

वनीसा गॅस बंद करायला उठली. गॅस मघाशीच बंद केलेला होता.

मग घरात पुठ्ठा आला, फोमचे पांढरे तक्ते आले, कटर आलं, गोंदाचा वास आला. वीज जायची तेव्हा पोरगी दारात बसून कापायची. वनीसा येता-जाता नावं ठेवायची आणि येता-जाता मदत करायची. जुन्या पडद्याचं कापड फाडून तिने मॉडेलच्या इवल्याशा उश्या स्वतः शिवल्या, बोटभर लांब, चारी कडांना शिवण. सालिमा बघायला आली.

"अगं, हा आपला मरबूआच की! बाहुल्यांचा खेळ झाला हाज्जा."

"तुझ्या घरापेक्षा मोठा आहे," वनीसा म्हणाली.

शेवटी इंतिसारने पुठ्ठ्याचा एक माणूस कापला. मॉडेलमध्ये माणूस लागतो, त्याच्यावरून छप्पर किती उंच, खिडकी किती मोठी ते बघणाऱ्याला कळतं. अंगरख्याच्या मापाचा, मांडी घातलेला. खिडकीखाली मधोमध चिकटवायला ती वाकली, तर वनीसा म्हणाली, "दे इकडे." तिने आपल्या हाताने बसवला. मग कितीतरी वेळ तिथेच पायांवर बसून राहिली. पोरगी म्हणाली गुडघे दुखतील, तरी राहिली.

परीक्षेच्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये ओळीने टेबलं मांडली होती. मुलींच्या आया, मावश्या, बहिणी आल्या होत्या, कोणी बास्बूसा आणला होता, कोणी बदामाच्या वड्या. कुठे कोणाच्या बहिणीची झोपायची खोली होती, कुठे आजोबांची व्हीलचेअर फिरेल असं न्हाणीघर. वनीसा काळा नवा अबाया घालून आली होती आणि प्रत्येक मॉडेलपाशी थांबून त्यात काय चुकलंय ते इंतिसारच्या कानात सांगत होती.

"हिच्या स्वयंपाकघरात पातेलं ठेवायला जागा नाही. ही काय शिजवणार, कागद?"

"यम्मा, हळू."

परीक्षक दोन होते. एक इंतिसारची शिकवणारी दकतूरा बहीजा, आणि एक बाहेरून बोलावलेले म्हातारे प्राध्यापक, दकतूर फर्जानी, जाड चष्म्याचे, गोड बोलणारे. ते मॉडेलवर वाकले, उशी बोटाने दाबून बघितली, "वा, शिवलीय!" म्हणाले. वनीसाची मान ताठ झाली.

"वापरणारा कोण?"

"माझा भाऊ, सफवान. सत्तावीस वर्षांचा आहे."

"वडील?"

"वारले."

"म्हणजे पाहुण्यांचं हाच बघतो."

"हो."

"मग हा इथे काय करतोय?" फर्जानींनी चिमटीत धरून पुठ्ठ्याचा माणूस उपटला. गोंद सुटल्याचा बारीक आवाज झाला. "खिडकीखालची जागा मोठ्या पाहुण्याची असते, बेटी. घरचा मुलगा तिथे बसला तर लोक म्हणतील, याला वळण नाही, आईने काही शिकवलेलं दिसत नाही. घरचा मुलगा आतल्या दाराशी बसतो. बायका ट्रे घेऊन येतात, दार वाजतं, तो घेतो. तुमच्या घरात मरबूआ आहे ना? की दुसऱ्याचा बघून केलात?"

मागे उभ्या असलेल्या दोन-चार मुली हसल्या. इंतिसारचे कान लाल झाले. तिने काही बोलण्याआधी वनीसा टेबलाला ढकलून पुढे आली होती.

"वळण कोणाला नाही? माझ्या सफवानला? दकतूरसाहेब, मी दारावर बोट टेकवायचा अवकाश, हात बाहेर यायचा. दुसऱ्यांदा वाजवावं लागलं नाही कधी. ट्रे कितीही भरलेला असो, एक थेंब सांडायचा नाही. डाव्या हाताने खालून धरायचा, इथे मनगटाला भाजल्याचा डाग, लहानपणी शेगडीत हात घातला होता. आणि आतले हसत असले तरी हा दारातून हळूच म्हणायचा, तुझे हात सलामत राहोत, यम्मा. रोज म्हणायचा. दाराशीच तर बसायचा तो! दाराशी नसता बसला तर इतक्या पटकन—"

ती थांबली.

हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही. म्हातारे दकतूर खजील होऊन हसत होते, दकतूरा बहीजा कागदावर काही लिहीत होती, शेजारच्या टेबलावर कोणीतरी वडी वाटत होतं. फक्त इंतिसारने आईकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं.

"चुकलो हाज्जा, माफ करा," फर्जानी म्हणाले. "अशा आईचा मुलगा खिडकीखाली बसणार नाही. हा घ्या, दाराशी बसवला." त्यांनी पुठ्ठ्याचा माणूस लहान दाराशी टेकवला. तो कलंडला, त्यांनी पुन्हा टेकवला. "नकाशात जागा बदल, बेटी. बाकी काम चांगलं आहे. मुलगा कुठे असतो आता?"

इंतिसारने तोंड उघडलं, पण शब्द वनीसाचा आला.

"समुद्रात."

"जहाजावर? छान, छान. कष्टाचं काम." आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले, तिथे कोणाच्या तरी आजोबांचं न्हाणीघर होतं.

टॅक्सीत मॉडेल वनीसाच्या मांडीवर होतं. गरगारेशच्या रस्त्यावर पेट्रोलची रांग लागलेली, गाडी पाऊल पाऊल सरकत होती. उजवीकडे दुकानांच्या फटींतून मधूनच समुद्र दिसायचा. तीन वर्षांत वनीसाने तिकडे तोंड केलं नव्हतं, आजही केलं नाही. प्रत्येक खड्ड्याला पुठ्ठ्याचा माणूस दाराशी पडायचा आणि ती त्याला बोटाने उभा करायची.

"मी काय म्हणाले गं तिथे?"

"काही नाही, यम्मा. छान बोललीस."

"खोटं बोलू नकोस. तू ऐकलंस. तुझं तोंड मला दिसलं."

इंतिसार खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती, पुसलं तर आईला दिसेल म्हणून.

"किती वेळा म्हणाले?"

"मी मोजलं नाही."

"सालिमाची बशी काढून घेतली होती मी," वनीसा म्हणाली. "एका शब्दासाठी." मग ड्रायव्हरवर खेकसली, "अरे बाबा, रांगेत सगळ्यांना पेट्रोल हवंय, आम्हाला घर हवंय. बाजूने काढ की!"

घरी आल्यावर तिने मॉडेल फ्रिजवर ठेवलं. अबाया काढून खुंटीला लावला, तोंडावर पाणी मारलं, वझू केलं, असरची नमाज पढली. सलाम फिरवून झाल्यावरही ती चटईवरच बसून होती. मग मान न वळवता म्हणाली, "मीलादला फोन लाव."

"यम्मा, आजच कशाला—"

"लाव म्हटलं ना. सांग त्याला, शुक्रवारी नमाज पढून घ्या. रस्त्यात तंबू घालायचा नाही, भाड्याच्या खुर्च्या आणायच्या नाहीत. लोक मरबूआत बसतील. जितके मावतील तितके." तिने गळ्यातली किल्ली काढली आणि चटईवर ठेवली. "तीन दिवस त्यांचे. चौथ्या दिवशी तुझं ते टेबल आण. पलंगाखाली गुंडाळी आहे ती काढ, नाहीतर उंदीर खातील."

इंतिसारने नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत होती तेव्हा वनीसा म्हणाली, "आणि माझी खुर्ची खिडकीत नको. डोळ्यांवर ऊन येतं."

शुक्रवारी नमाज होऊन लोक आले. घरात बायका होत्या, सालिमा सगळ्यांत मोठ्याने रडत होती आणि आज तिला कोणी अडवलं नाही. हसायचा म्हणाली, गोड होता म्हणाली, लाजरा होता म्हणाली, तीन वर्षांचं साठलेलं सगळं बोलून घेतलं तिने. वनीसा स्वयंपाकघरात उभी होती. लोकांनी तिला बस म्हटलं, आज तरी बस, ट्रे आम्ही नेतो. तिने सगळ्यांना हाकललं. चहा तिनेच केला, वरून धार धरून फेस आणला, ग्लास मांडले, प्रत्येकात रीतीप्रमाणे भाजलेले शेंगदाणे घातले, ट्रे उचलला आणि लहान दारापाशी गेली.

आत कोणीतरी कुराण पढत होतं. मग पढणं थांबलं, खोकल्याचे आवाज आले, उश्या सरकल्याचे आवाज आले. अभ्रे तिने कालच धुतले होते.

तिने बोटाने टकटक केली.

दार उघडलं नाही. ट्रे जड होता, ग्लास एकमेकांना लागून किणकिणत होते. इंतिसार मागून म्हणाली, "यम्मा, मी वाजवते." वनीसाने मान हलवली. ती तशीच उभी राहिली, जरा वेळ, जितका वेळ उभं राहावंसं वाटलं तितका. मग तिने दुसऱ्यांदा दार वाजवलं.

दार वीतभर उघडलं. हात आला. उजवा, केसाळ, बोटात चांदीची अंगठी. ट्रेची कड पकडून ओढू लागला.

वनीसाने ट्रे सोडला नाही.

"सोडा, वहिनी," आतून मीलाद हळूच म्हणाला. "धरलाय मी."

थोडा चहा ट्रेमध्ये सांडला. मग तिने सोडला.